कशासाठी हवाय पंच?

“पंच ना? कशासाठी हवाय?” डोब्रिंकाने विचारलं.

काउंटरपलीकडची मुलगी गोंधळली. भोकं पाडायचं यंत्र मागितल्यावर असा काही प्रश्न येईल, हे तिच्या ध्यानीमनी नसावं. “म्हणजे... कागदाला भोकं पाडायला.”

“ते कळलं गं. पण कसल्या कागदाला? एका वेळी किती? आणि भोकं पाडून तो कागद जाणार कुठे?”

“कॉलेजच्या नोट्स आहेत,” मुलगी म्हणाली. बोलणं समजत होतं, पण हेल आमच्याकडचा नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला, सर्बियात बोलतात तसा.

“मग हा घे. दोन भोकांचा, साधा. ही पट्टी पुढे ओढली की कागद बरोबर मध्ये बसतो, म्हणजे फायलीत वरखाली होत नाही. एका वेळी आठ-दहाच कागद घाल. हावरटपणा केलास तर दांडी वाकेल आणि मला शिव्या घालशील. आणि खालचं झाकण अधूनमधून उघडून तुकडे काढत जा. लोक काढत नाहीत, मग म्हणतात पंच अडकला.”

मुलीने पंच घेतला, पैसे दिले. दाराशी जाऊन वळली. काहीतरी बोलायचं असल्यासारखी उभी राहिली आणि मग तशीच निघून गेली.

डॅन्यूबकाठच्या आमच्या लोम गावात डोब्रिंकाच्या प्रश्नांची सगळ्यांनाच सवय होती. तिचं कागद-पेन्सिलींचं दुकान धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नदीपासून हाकेच्या अंतरावर. शेजारचा बेकरीवाला म्हणायचा, “डोब्रिंकाकडे खोडरबर घ्यायला जा, ती आधी विचारेल, काय खोडायचंय?” पण गिऱ्हाईक चुकीची वस्तू घेऊन गेलं की तिला खरंच चैन पडायचं नाही. पंचांच्या बाबतीत तर नाहीच. बालवाडीच्या बाईंना फुलाच्या नि चांदणीच्या आकाराचे. वकिलाच्या कारकुनाला लांब दांड्याचा, जाडजूड गठ्ठा एका दाबात भेदणारा. मध विकणाऱ्या म्हाताऱ्याला पकडीसारखा, एका भोकाचा, बरण्यांच्या चिठ्ठ्यांसाठी. तोच पकडीसारखा पंच, पण मजबूत पोलादाचा, ती निधनाच्या कागदांसाठी द्यायची.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापून दारावर, खांबावर, झाडावर लावतात. वर्ष झालं की पुन्हा, पाच वर्षं झाली की पुन्हा. डोब्रिंका स्वतः दर मार्चमध्ये एक कागद लावायची. त्याच्यावर तिच्या नवऱ्याचा फोटो असायचा. त्सेकोचा.

त्सेको मालवाहू बार्जवर खलाशी होता. बावीस वर्षांपूर्वी, मार्चच्या पुरात, वर कुठेतरी सर्बियाच्या हद्दीत तो बार्जवरून डॅन्यूबमध्ये पडला. सोबतच्यांनी दिवे टाकून शोधलं, पोलिसांनी गळ टाकले. देह मिळाला नाही. डोब्रिंका तेव्हा तिशीची होती, पोरबाळ नव्हतं. स्मशानात एक रिकामी कबर केली, पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली आणि त्सेकोची आई गेना आपलं खेड्यातलं घर विकून सुनेकडे राहायला आली. तेव्हापासून दोघी एकत्र.

सासू वाईट नव्हती. उलट लोक म्हणत, पोटची लेकसुद्धा एवढी माया लावणार नाही. चार-पाच वर्षं गेल्यावर तिने स्वतःच सुनेच्या मागे लकडा लावला होता, लग्न कर म्हणून. असेन नावाचे जनावरांचे डॉक्टर तेव्हा रोज काहीतरी निमित्त काढून दुकानात यायचे. डोब्रिंका म्हणायची, “आई, देह नाही मिळाला त्यांचा. मी कसं करू?” गेना एकदा तर तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. “माझं ऐक, कर लग्न. तुझ्या पाया पडते.” डोब्रिंकाने तिला उठवलं आणि दोघी रडल्या. असेन डॉक्टरांनी पुढे दुसऱ्या गावात घर मांडलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली.

“काय गं, बिघडला का?”

“नाही. दुसरा हवाय. आईच्या मुरंब्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या बांधायच्यात.”

“मग पकडीचा. हातात धरून बघ. स्प्रिंग घट्ट वाटते का? घट्ट असेल तर हा नको, दहा बरण्यांत अंगठा सुजेल. हा बघ.” डोब्रिंकाने पुठ्ठ्याचा तुकडा तिच्या हातात दिला. मुलीने भोक पाडलं. तेही अर्धवट; दाब पुरला नाही.

“जेवलीस का?”

“हो.”

“वाटत नाही. कुणाकडे उतरली आहेस?”

“स्टँडजवळच्या हॉटेलात, काकू.” मुलीने पंच पिशवीत टाकला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली.

डोब्रिंकाने घरी हे सासूला सांगितलं. गेनाचं लक्ष नव्हतं. सप्टेंबरपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. जेवण कमी झालं होतं. स्वयंपाकघरातली तिची खुर्ची तिने बोळात, टेलिफोनजवळ नेऊन ठेवली होती आणि दिवसचे दिवस तिथेच बसायची.

“इथे काय बसता, आई? अंधार नुसता.”

“इथे बरं वाटतं. वारा येत नाही.”

डोब्रिंकाला वाटलं, वय झालं. नव्वदीला आलेल्या बाईला कुठे बसावंसं वाटतं याला काय कारण असायचं?

तिसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा दुकान नुकतंच उघडलं होतं. ती काउंटरला टेकून उभी राहिली.

“आता कशासाठी?” डोब्रिंका हसून म्हणाली. “तीन दिवसांत तीन पंच. माझ्या दुकानाला दृष्ट लावशील.”

“निधनाच्या कागदांसाठी,” मुलगी म्हणाली.

डोब्रिंकाचं हसू मावळलं. “अरे देवा. कोण गं?”

“बाबा.”

“देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.” तिने खणातून पोलादी पंच काढला. अशा वेळी माणसाला बोलण्यापेक्षा हातांना काम बरं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती समजावत बसली. “हे बघ, पोरी. आधी कागद प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घे. चारी बाजूंनी नुसत्या प्लास्टिकचा काठ भरपूर सोडायला सांग. भोक त्या काठातच पाडायचं, कागदाला अजिबात लागू द्यायचं नाही. लागलं तर पाऊस तिथूनच आत शिरतो, आणि महिन्याभरात फोटोतल्या माणसाचं तोंड काळं पडतं. मी पहिल्या वर्षी तीच चूक केली होती. वर दोन भोकं, खाली दोन. खाली नाही पाडलीस तर वाऱ्याने फडफडून वरची फाटतात. कळलं?”

मुलीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“तिकडेच लावणार ना, तुमच्या गावात?”

“तिकडे लावले. आता इथे लावायचेत. बाबा इथले होते.”

“लोमचे? मग मी ओळखत असणार. नाव काय?”

“तिकडे त्यांना सगळे मिलान म्हणायचे.” मुलगी थांबली. “त्यांचं खरं नाव त्सेको.”

“त्सेको इथे ढिगाने आहेत. कुठला त्सेको? कुणाचा?”

“गेनाचा. बार्जवरचा.”

डोब्रिंकाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग हळुवारपणे, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, “तुझी काहीतरी गफलत होतेय, बाळ. तो त्सेको माझा नवरा होता. तो बुडाला. कधीच.”

“नाही बुडाले, काकू. आमच्याकडच्या बार्जवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं. अपातिनला, आमच्या गावात. गेल्या महिन्यात गेले ते. छातीच्या दुखण्याने. घरीच. मी जवळ होते.”

तेवढ्यात दार उघडलं आणि बालवाडीच्या बाई आत आल्या. “डोब्रिंका, पोरांनी चांदणीचा पंच मोडला गं. दुसरा दे.”

“कशासाठी हवाय?” डोब्रिंकाने विचारलं.

“अगं, नेहमीचंच. रंगीत कागदाच्या माळा.”

डोब्रिंकाने फळीवरून दोन पंच उतरवले. कुठला पातळ कागदाला, कुठला जाड कागदाला, हे सांगितलं. पोरं बोटाऐवजी तळव्याने दाबतात म्हणून रुंद माथ्याचा घ्या, असं सुचवलं. एका निळ्या कागदातून चांदणी पाडून दाखवली. पैसे घेतले, सुटे दिले. बाई जाताना म्हणाल्या, “चेहरा असा का झालाय? रक्तदाब तपासून घे एकदा.” दार बंद झालं.

निळी चांदणी काउंटरवर पडली होती. डोब्रिंका तिच्याकडे बघत उभी राहिली. मग शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी त्याची दोरी घट्ट धरून ठेवली.

“पहिले दोन पंच?” तिने विचारलं. आपण हे का विचारतोय, तिचं तिलाच समजत नव्हतं.

“मला नको होते. तुम्ही विचारायचात कशासाठी, आणि मला सांगताच यायचं नाही. म्हणून तोंडाला येईल ते सांगायचे.”

“तुझं नाव काय?”

“यास्ना.”

डोब्रिंका उठली. खिळ्यावरची किल्ली घेतली आणि भर सकाळी दुकानाला कुलूप लावलं. बेकरीवाला दारात येऊन बघत राहिला. नवरा बुडाल्याची बातमी आली होती त्या दिवशीसुद्धा तिने दुकान बंद केलं नव्हतं. पोलीस येतील आणि आपण सापडणार नाही, या भीतीने बसून राहिली होती.

ती मुलीला घेऊन धक्क्यावर गेली. पॉपलरच्या पहिल्याच झाडावर मार्चमधला कागद होता. ‘बावीस वर्षं तुझ्याविना.’ उन्हाने रंग उडाला होता, पण पाणी आत शिरलं नव्हतं. तरुण त्सेको फोटोतून हसत होता.

“हेच का तुझे बाबा?” डोब्रिंकाने विचारलं. तिला वाटत होतं, मुलगी आता म्हणेल, नाही, हा कुणी दुसराच.

यास्नाने फोटोवर बोट ठेवलं. “दाढी होती. आणि हा दात नंतर पडला.”

नदीवरून एक रिकामा बार्ज वरच्या दिशेने चालला होता.

“ते इथे आले होते एकदा,” यास्ना म्हणाली. “मी तेव्हा चालायला लागले होते. त्यांनी शेवटी शेवटी सांगितलं मला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून आले होते. बोटीतून उतरले आणि समोर हेच झाड. त्यांचाच फोटो. नाव, तारीख, सगळं. म्हणाले, माझे पाय जागेवरून हलेनात.”

“मी पन्नास पावलांवर होते! दुकानात!”

“माहीत आहे. त्यांना दिवा दिसत होता.”

“मग?”

मुलीने खालचा ओठ चावला. “मग आजी आली.”

“कोण आजी?”

“त्यांची आई. बाजारातून येत होती. त्यांना बघून तिच्या हातातली पिशवी पडली. इथेच बाकावर बसले दोघं. तिने विचारलं, तिकडे कोण आहे तुझं? ते म्हणाले, बायको आहे आणि एक पोर आहे. आजी म्हणाली, मग जा. इथे तू मेलायस. तिकडे पोराला तरी बाप राहू दे.” यास्ना रडायला लागली. “ते पोर मी. तेव्हापासून आजीच्या वाढदिवसाला तिला फोन करायचे. दुपारी. तुम्ही दुकानात असताना. या वर्षी वाढदिवसाच्या आधीच गेले. मला म्हणाले, फोनवर सांगू नकोस तिला, समोर जाऊन सांग. मी दोनदा तुमच्या घराच्या फाटकापर्यंत जाऊन आले, काकू. नाही जमलं.”

डोब्रिंकाच्या डोळ्यांपुढे बोळातली खुर्ची आली. गुडघे टेकून बसलेली सासू आली. दर मार्चमध्ये याच झाडाशी दोघी यायच्या. डोब्रिंका भोकांतून दोरा ओवायची आणि म्हातारी कागद सरळ धरून उभी राहायची. शेजारपाजारचे लोक टोपी काढून पुढे जायचे. आणि इतकी वर्षं म्हातारीला ठाऊक होतं.

“चल,” ती म्हणाली.

घरात भाजलेल्या मिरच्यांचा वास भरला होता. गेना स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची सालं काढत होती. पावलं ऐकून तिने मान वर केली.

“दुकान बंद केलंस? बरं नाही का तुला?” मग तिला मागे उभी असलेली मुलगी दिसली. “ही कोण?”

वाटेत डोब्रिंकाने खूप काही ठरवलं होतं. ओरडायचं, भांडी फेकायची, म्हातारीला तिच्या गाठोड्यासकट बाहेर काढायचं. पण सालांनी माखलेली ती वाकडी बोटं समोर आली आणि तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं एक गोष्ट फक्त सासूला ठाऊक होती, आणि आता एक गोष्ट अशी आहे जी सासूला ठाऊक नाही.

“ही यास्ना,” ती म्हणाली. “अपातिनहून आलीये.”

म्हातारीचा हात थांबला.

“आई, फोन येणार नाही आता.”

गेनाने मिरची ताटात ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. “कधी?” तिने विचारलं.

“सप्टेंबरमध्ये. छातीचं दुखणं. ही जवळ होती.”

“त्रास झाला का त्याला?”

“थोडा,” यास्ना म्हणाली. “शेवटी नाही.”

मग डोब्रिंकाचा बांध फुटला. “मला का नाही सांगितलंत? बावीस वर्षं मी काळे कपडे घालते! तुम्ही त्या झाडाशी माझ्याबरोबर कागद धरून उभ्या राहायच्यात! जिवंत माणसाचा कागद!”

“राहायचे,” गेना म्हणाली. “आणि मनातल्या मनात देवाला सांगायचे, हे खोटं आहे रे बाबा, तू मनावर घेऊ नकोस.”

“का नाही सांगितलंत?”

“आधी वाटलं, तू मोडून पडशील. मग वाटलं, तू निघून जाशील.”

“कुठे?”

“कुठेही. मला टाकून. मी कुठे गेले असते?” म्हातारीचा आवाज अगदी सपाट होता. “म्हणून म्हणायचे, लग्न कर. म्हटलं, तू सुटलीस की मी सांगेन. तू करीनास. मग इतकी वर्षं झाली की सांगायला तोंडच उरलं नाही.”

डोब्रिंका खुर्चीवर बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त राहून राहून नवल वाटत होतं की चूल तशीच आहे, खिडकी तशीच आहे, आणि मिरच्यांच्या वासाने आपल्याला भूक लागली आहे.

गेना टेबलाला धरून उठली. हात धुतले, ॲप्रनला न पुसता तसेच निथळू दिले. यास्नापाशी जाऊन उभी राहिली. मुलगी खूप उंच होती. म्हातारीला मान मागे टाकावी लागली. मुलीच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं आणि आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात एक मोठा, घडी न मोडलेला पांढरा पंचा होता.

बोळात भिंतीला उभा आरसा होता. घरात मृत्यू झाला की आमच्याकडे आरसा झाकतात. बावीस वर्षांपूर्वी शेजारणी आरसा झाकायला आल्या होत्या, तेव्हा खेड्यातून धावत आलेल्या गेनाने त्यांना हात लावू दिला नव्हता. देह दाखवा, मग झाका, असं ती ओरडली होती.

आता तिने पंचा उलगडला आणि टाचा उंचावून आरशाच्या वरच्या कडेवर टाकायला गेली. हात पोचेना. पंचा घसरून खांद्यावर पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. यास्ना पुढे होणार होती, पण आपण हात लावावा की नाही हे तिला समजेना. तिने डोब्रिंकाकडे पाहिलं.

डोब्रिंका बसूनच होती. तिसऱ्यांदा पंचा खाली आला तेव्हा ती उठली. सासूकडे न बघता तिने एक टोक घेतलं, एक टोक म्हातारीच्या हातात राहिलं. क्षणभर आरशात तिघींचे चेहरे दिसले. मग डोब्रिंकाने कापड वरच्या कडेवरून पलीकडे टाकलं, आणि एका बाजूला थोडी काच उघडी राहिली होती ती ओढून झाकली.